अष्टमीचा घाणा शनिवारी बंद

शुक्रवारी दुपारी दोननंतर डेबोरा अष्टमकर घाण्यात नवी घाणी घालत नाहीत. एका घाणीला तासभर लागतो, आणि अर्धवट राहिलेले तीळ रविवारपर्यंत उखळाला घट्ट धरून बसतात. मग ते खरवडून काढण्यात सकाळ जाते. चार वाजता घाण्यावरचा मदतनीस रितेश मोटरचा पट्टा उतरवतो. पेंड पोत्यात जाते, उखळ पुसलं जातं, पडवी धुतली जाते. त्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकाला सूर्य मावळेपर्यंत तेल मिळतं. सूर्य मावळल्यावर फक्त प्यायला पाणी मिळतं आणि एक वाक्य: "रविवारी या."

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी लागते. तिथल्या इस्रायल आळीत आज तीन घरं उघडी आहेत. बाकीच्या घरांचे मालक इस्रायलला आहेत आणि किल्ल्या डेबोराबाईंकडे. गावात या ज्यू कुटुंबांना पूर्वी शनवार तेली म्हणत, कारण तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे; त्यांचा विसाव्याचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो. हे नाव कुणी प्रेमानं घ्यायचं, कुणी टोमणा म्हणून. डेबोराबाईंच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत ते ठळक अक्षरांत छापलेलं आहे.

बाई साठीच्या आहेत. उंच, सडपातळ, चष्मा गळ्यात दोरीला. माहेर पेणचं. वडील शाळेत शिपाई होते आणि शनिवारी सकाळची अर्धी शाळा भरवून मग घरी येत, त्यामुळे माहेरी शनिवार अर्धाच पाळला जायचा. पूर्ण शनिवार त्यांना १९८८ साली लग्नानंतर अष्टमीत दिसला. सासऱ्यांचा बैलाचा घाणा होता. एकदा शेजाऱ्याच्या घरी लग्न होतं, गाडीला एक बैल कमी पडला. तो शनिवार होता. शेजारी बैल मागायला आला, तेव्हा सासरे म्हणाले, "बैल माझा हाय तवर त्याचा शनवार पण माझाच." शेजारी वर्षभर बोलला नाही. बैल दिवसभर गोठ्यात बसून होता.

पुढे पिशवीतलं स्वस्त तेल आलं, घाणा थांबला, बैल विकला. नवरा एलिजा टेम्पो चालवायचा. २००८ साली तो गेला, तेव्हा मुलगा नथानियल कॉलेजात होता. डेबोराबाई धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला लागल्या. शिफ्ट फिरती, सुट्टी ज्याच्या त्याच्या नशिबानं. सहा वर्षांत त्यांना शनिवारची सुट्टी किती वेळा मिळाली, हे त्या बोटांवर मोजून दाखवतात. दुसरा हात लागत नाही. मुलगा नोकरीसाठी इस्रायलमधल्या अश्दोदला गेला, लोक पुन्हा लाकडी घाण्याचं तेल विचारू लागले, तशी त्यांनी नोकरी सोडली आणि २०१५ साली जुन्या उखळाला मोटर जोडून घाणा सुरू केला.

त्या फार धार्मिक आहेत असं नाही. "देवाचं मला फार समजत नाय," त्या म्हणतात. "दिवसाचं समजतं. सहा वर्षं मी कंपनीला शनवार दिला. आता कुणालाच देणार नाय."

हे वाक्य त्यांना पेणच्या मेळ्यात पाळून दाखवावं लागलं.

पेणला दर जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, हातमोल कारागीर संघाचा मेळा भरतो. वस्तू कारागिरानंच आणायची, भाव त्यानंच ठरवायचा, मधे व्यापारी नाही. प्रत्येक स्टॉलवर एक कार्ड: ही वस्तू कुणी केली, कशी केली, किती वेळ लागला. संघ उभा केला सुनीती टिपणीस यांनी. घराणं एके काळचं खोतांचं. त्यांनी स्वतः पेणच्या कॉलेजात पस्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाड्या-वाड्यांतून फिरून माणसं गोळा केली. पापड लाटणाऱ्या, मूर्ती रंगवणारे, टोपल्या विणणाऱ्या, धरमतरच्या बाजूचे मीठवाले. डेबोराबाई पहिल्या वर्षापासून संघात होत्या. त्यांचं निम्म्याहून जास्त तेल मेळ्यात आणि संघामार्फत वर्षभर माल नेणाऱ्या गिऱ्हाइकांकडे जायचं. ती जागा गेली तर घाणा आठवडाभर चालवण्याइतकं काम उरणार नव्हतं.

२०२५ साली मेळा तीन दिवसांचा झाला. शुक्रवार, शनिवार, रविवार. वडखळला अलिबागच्या रस्त्याला वळणारे मुंबईकर शनिवारीच जास्त असतात, त्यांना पेणला थांबवायचं असा हिशेब होता. त्याच्या आदल्या वर्षी दुपारीच माल संपवून आठ-दहा जण घरी गेले होते आणि लांबून आलेली माणसं रिकाम्या टेबलांचे फोटो काढून गेली होती. म्हणून नवा नियम आला: तिन्ही दिवस, सकाळी दहा ते रात्री आठ, कारागीर स्वतः हजर. जो गैरहजर त्याला दोन वर्षं प्रवेश नाही. नियम फॉर्मवर छापलेला होता. डेबोराबाईंनी फॉर्म न वाचता सही केली. मेळा रविवारीच असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत इतकं पाठ झालं होतं की तारखेची ओळसुद्धा त्यांनी बघितली नाही. तीन दिवसांचं कळलं ते मंडप उभा राहिल्यावर.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला त्या बाटल्या खोक्यात भरत होत्या. सुनीतीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"डेबोराबाई, हे काय? अजून अडीच तास आहेत."

"माझे संपले."

"बरं. उद्या दहाला उघडताय ना?"

"परवा दहाला."

सुनीतीबाईंच्या लक्षात आलं. इतकी वर्षं मेळा रविवारचा असल्यानं हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. "अहो, उद्या मुंबईहून दुकानवाल्या येणार आहेत. वर्षभर माल घेणाऱ्या. मी त्यांना मुद्दाम तुमच्या तेलासाठी बोलावलंय."

"परवा बोलवा."

"त्यांना परवा जमत नाही."

"मला उद्या जमत नाय."

सुनीतीबाईंनी फाइलीतून फॉर्म काढला. डेबोराबाईंनी चष्मा लावून तो पहिल्यांदाच वाचला, शेवटपर्यंत. "सही माझीच हाय," त्या म्हणाल्या आणि फॉर्म परत दिला.

शेजारच्या स्टॉलवर हौसा वाघमारे बसली होती. गडबच्या वरच्या अंगाला कातकरी वाडी आहे, तिथली. सुपं आणि टोपल्या विणते, आणि दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायला तिला आमंत्रण लागत नाही. "मी बघते गो तुजा स्टॉल," ती म्हणाली. "तेलच इकायचं हाय ना? त्यात काय मंतर बोलायचा हाय?"

"माझ्या सासऱ्यांनी शनवारी बैल दिला नाय कुणाला. मी तुझा हात कसा घेऊ?"

"म्हंजे मी बैल व्हय?"

"बैलाला सुट्टी तरी होती. तुला तीही नाय."

हौसा हसली, पण लगेच थांबली आणि सूप उलटं-पालटं करून बघत बसली.

सुनीतीबाईंनी आणखी एक वाट काढली. स्टॉल उघडा ठेवा, तुम्ही नुसत्या बसा, काही विकू नका. नियमात हजेरी म्हटलंय, विक्री म्हटलेली नाही.

"दुकान मांडून बसायचं आणि आलेल्या माणसाला नाय म्हणायचं?" डेबोराबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा बंद ठेवलेलं बरं. बंद म्हणजे बंद, माणसाला कळतं तरी."

रितेशनं खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर स्केचपेननं लिहिलं: शनिवारी बंद. घाणाही बंद. रविवारी सकाळी दहाला या. टेबलावर पांढरी चादर घातली, त्यावर पुठ्ठा ठेवला. सूर्य मावळायच्या आत डेबोराबाई पेणमधल्या नणंदेच्या, साराच्या घरी पोचल्या होत्या.

शनिवारी मैदान भरलं. सामुदायिक प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमले नाहीत म्हणून ती घरीच उरकून डेबोराबाई अकराच्या सुमाराला चालत मेळ्यात आल्या. हातात पिशवी नाही, पाकीट नाही, फोन नाही. रिकाम्या हातांनी त्या प्रत्येक स्टॉलसमोर थांबत होत्या, पापड हातात घेऊन उजेडात धरून बघत होत्या, मूर्ती रंगवणाऱ्याला डोळे कसे काढतो ते विचारत होत्या. इतकी वर्षं मेळ्यात विकायला येऊन त्यांनी मेळा बघितलाच नव्हता.

मुंबईहून आलेल्या दुकानवालीचं नाव स्पृहा. ती चादर घातलेल्या टेबलासमोर पुठ्ठा वाचत उभी होती. हौसानं तिला बोटानं दाखवलं, "ती बघा, ती काय उभी. तेलवाली."

"तुम्हीच का!" स्पृहा म्हणाली. "बरं झालं भेटलात. महिन्याला किती लिटर देऊ शकाल?"

"उद्या सांगते."

"उद्या मी नसते इथे."

"मग फोन करा. सोमवारी."

"अहो, मला आज यादी पक्की करायची आहे. नुसता आकडा सांगा, बाकी सगळं नंतर."

"आकडा म्हणजेच धंदा, बाई. बाकी काय असतो?"

"मग आज तुम्ही माझ्याशी काय बोलू शकता?"

डेबोराबाईंनी विचार केला. "जेवलात का, ते विचारू शकते."

हौसा इतकी हसली की तिच्यासमोरची टोपल्यांची चवड कलली. स्पृहालाही हसू आलं. पण तिनं वहीत काहीतरी खोडलं आणि ती पुढच्या रांगेत गेली. दुपारी यादी जाहीर झाली, त्यात मीठ होतं, पापड होते, हौसाची सुपं होती. तेल नव्हतं.

रविवारी डेबोराबाईंनी दहाला चादर काढली आणि दोनपर्यंत सगळं तेल विकलं. तरी त्या आठपर्यंत रिकाम्या टेबलामागे बसून राहिल्या. नियम होता.

मेळा संपल्यावर मंडपातच सभा झाली. सतरंजीवर बावीस सभासद. सुनीतीबाईंनी नियम वाचून दाखवला आणि मग स्वतःहून एक पायरी खाली उतरल्या. डेबोराबाईंनी झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरीचे दोन शब्द लिहून द्यावेत, संघ विषय बंद करेल. कागद आणि पेन पुढे आलं.

डेबोराबाईंनी लिहिलं. सुनीतीबाईंनी मोठ्यानं वाचलं: "मी फॉर्म न वाचता सही केली. ही माझी चूक झाली, त्याबद्दल मी दिलगीर आहे. शनिवारी मी बसले नाही. ही चूक नाही."

"शेवटची दोन वाक्यं काढा," सुनीतीबाई म्हणाल्या.

"मग पहिली दोन पण काढा."

"डेबोराबाई, मी तुमच्या विरोधात नाही. पण आज तुम्हाला सोडलं तर उद्या मी कुणाला कशी अडवू?"

"मी कुठं म्हटलं सोडा? नियम हाय, लावा. फक्त मी चुकले असं माझ्याकडून लिहून घेऊ नका."

हात वर झाले. बंदीच्या बाजूनं बारा, विरोधात आठ. डेबोराबाईंनी आणि सुनीतीबाईंनी मत दिलं नाही. बारा हातांत एक हात हौसाचा होता.

खोकी टेम्पोत चढत असताना हौसा जवळ आली. "बघितलास ना माजा हात?"

"बघितला."

"राग आला?"

"नाय. कारण सांग."

"काल माज्या नातीचं बारसं होतं. लेक सकाळपासनं वाट बघत होती. मी इथं टोपल्या मांडून बसले. मला कुनी इचारलं नाय, हौसे तुजा दिवस कुठला म्हनून. मग तुजाच दिवस का मोठा गो?"

डेबोराबाईंनी खोकं खाली ठेवलं. "का बसलीस?"

"म्हंजे?"

"बारसं सोडून का बसलीस? जायचं होतंस. माझा हाय म्हणून तुझा लहान झाला नाय. तू आपला सोडलास."

"तुजं ठीक हाय. तुजं घर हाय, घाना हाय. मला काढलं तर मी कुठं जाऊ?"

मागे ठेवलेली तेलाची एक बाटली डेबोराबाईंनी हौसाच्या टोपलीत टाकली. "बारशाची," त्या म्हणाल्या.

बंदीचा परिणाम व्हायचा तो झाला. घाणा आठवड्यातून तीन दिवसांवर आला. रितेश उरलेले तीन दिवस धाटावला एका कंपनीत कंत्राटी शिफ्ट करू लागला. सुट्टी कधी मिळते असं डेबोराबाई विचारतात तेव्हा तो विषय बदलतो. नथानियल फोनवर म्हणाला, "आई, इकडे ये. इथे सगळं गावच शनिवारी बंद असतं."

"मग तिथं मी बंद ठेवलं काय नि उघडं ठेवलं काय," बाई म्हणाल्या, "कुणाला कळणार?"

गेल्या डिसेंबरात सुनीतीबाई स्वतः अष्टमीला आल्या. पडवीत खुर्ची टाकली, चहा झाला. कार्यकारिणीनं ठरवलं होतं: डेबोराबाईंनी एक अर्ज करावा, उरलेलं एक वर्ष माफ होईल, आणि यापुढे त्यांच्यापुरता शनिवारचा अपवाद राहील. सुनीतीबाई अर्ज टाइप करूनच घेऊन आल्या होत्या.

या वेळी डेबोराबाईंनी तो वाचला. दोनदा.

"अपवाद माझ्या एकटीला?"

"हो. धार्मिक कारण आहे, कुणी हरकत घेणार नाही."

"हौसाच्या नातीचं बारसं मेळ्याच्या शनवारी होतं, हे ठाऊक हाय तुम्हाला?"

"नाही. ती काही बोलली नाही."

"बोलेल कशी? ती बसली होती. हजेरी पूर्ण."

सुनीतीबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"तुमच्या कार्डावर छापता ना," डेबोराबाई म्हणाल्या, "टोपली करायला किती वेळ लागला. तो वेळ तिचा असतो म्हणून छापता ना? मग तिन्ही दिवसांतला एक दिवस ज्याचा त्याला द्या. कारण विचारू नका. बारसं असो, शब्बाथ असो, नाय तर कंटाळा असो. ते करा. माझी दोन वर्षं राहू द्या तशीच."

"नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभेत आणावा लागेल. मार्चमध्ये."

"आणा."

"तोवर जानेवारीचा मेळा जाईल. तुमचा हा हंगाम बुडेल. संक्रांतीचा."

"बुडू दे. तीळ काय माझ्यासाठी थांबलेत? लोक इथं येऊन नेतील."

अर्ज सही न होता परत गेला. सुनीतीबाईंनी जाताना दोन लिटर तेल घेतलं.

यंदाचा मेळा नऊ ते अकरा जानेवारीला झाला. फाटकावर मोठं पोस्टर होतं आणि त्यावर सूप विणणाऱ्या हौसाचा फोटो. शनिवारी मैदानात गर्दी होती, आणि फोटोतल्या बाईला भेटायला लोक तिचा स्टॉल शोधत होते. स्टॉल सापडत होता. हौसा सापडत नव्हती. टोपल्या टेबलावर उलट्या घातलेल्या होत्या. पुठ्ठा नव्हता, चादर नव्हती, निरोपही नव्हता.

रविवारी सकाळी ती वेळेवर हजर होती. सुनीतीबाई तिच्यासमोर आल्या.

"हौसाबाई, काल का नाही आलात?"

"घरी होते."

"काही अडचण होती का? आजारपण? कार्य वगैरे?"

"नाय."

"मग?"

"झोपले," हौसा म्हणाली, आणि टोपल्या सुलट्या करायला लागली.

रितेश त्या दिवशी बहिणीला घेऊन मेळ्याला गेला होता. सोमवारी सकाळी डेबोराबाई उखळात तीळ ओतत असताना त्यानं हे सगळं नकलेसकट सांगितलं.

"दिवसभर झोपली?" बाईंनी विचारलं.

"असं म्हणाली."

"खोटं बोलते. तिला दुपारची झोप येत नाय कधी."

त्यांनी तिळावर कोमट पाण्याचा हबका मारला आणि रितेशला मोटर लावायला सांगितली.

हौसाचं काय करायचं हे कार्यकारिणीनं अजून ठरवलेलं नाही. तिला काढलं तर पोस्टरं बदलावी लागतील, आणि काढलं नाही तर डेबोराबाईंना कसं काढलं, हे कुणीतरी विचारेल. सर्वसाधारण सभेची नोटीस सभासदांना गेली आहे. बंदीतल्या सभासदाला सभेला बसता येतं, म्हणून एक प्रत अष्टमीलाही आली. विषयपत्रिकेवर तिसरा विषय हजेरीच्या नियमाचा आहे. नोटीस हातात पडल्यावर डेबोराबाईंनी चष्मा लावला आणि सगळ्यात आधी वार बघितला. रविवार होता.

"एवढं तरी शिकले," त्या म्हणाल्या.